ढॅण-ढढॅण-ढॅणढॅण : बाँडची धून आणि एक अपशकुनी शिंक

कंदीलवाला
मंडळी, परवा आमच्या सोसायटीच्या फॅन्सी ड्रेसमध्ये एक पाचेक वर्षांचं कार्टं आलं. बाबांचा काळा कोट पार गुडघ्याच्या खाली, गॉगल, हातात होळीतलं पिचकारीचं पिस्तूल. निवेदिका नाव पुकारायच्या आत साऊंडवाल्याने ती धून लावली. ढॅण-ढढॅण-ढॅणढॅण. पोराने बाँडचा एकही पिच्चर बघितलेला नसणार, साऊंडवाल्यानेही नसेल, पण अख्ख्या हॉलला कळलं कोण आलंय ते. घरी आल्यावर सहज बघायला बसलो की ही चाल केली कोणी, आणि घड्याळात रात्रीचे दोन. गोष्टच तशी आहे. ती सुरू होते त्रिनिदादमधल्या एका पायाळू (म्हणजे पायाकडून जन्मलेल्या) पोराच्या शिंकेपासून. थांबा, क्रमाने सांगतो.

माँटी नॉर्मन नावाचा एक माणूस. मूळ आडनाव नोसेरोविच, जन्म १९२८चा, लंडनच्या ईस्ट एंडमधलं ज्यू कुटुंब. बाप सुतारकाम करणारा, कपाटंबिपाटं बनवायचा, आई कपडे शिवायची. सोळाव्या वर्षी आईने गिटार घेऊन दिली. पठ्ठ्या आधी मोठमोठ्या बँडांमध्ये गायचा आणि मग तिकडच्या संगीत नाटकांना चाली द्यायला लागला. १९६१ साली त्याचं एक नाटक आलं, डॉ. क्रिपेन या गाजलेल्या खुन्यावर, तेही गाणीबिणी घालून. फार चाललं नाही. पण त्या नाटकात पैसे घातले होते आल्बर्ट ब्रॉकोलीने (हो, तीच भाजी, हसून घ्या) आणि ब्रॉकोलीने नेमके त्याच सुमारास हॅरी साल्ट्झमनबरोबर बाँडच्या कादंबऱ्या पडद्यावर आणायचं ठरवलेलं. नॉर्मनला बोलावणं गेलं. त्याच्या हातात दुसरी कामं होती, बाँड हे काय प्रकरण आहे ते धड माहीत नव्हतं, त्यामुळे त्याचं हो-नाही हो-नाही चाललेलं. तेव्हा साल्ट्झमन म्हणाला की आमचं शूटिंग जमैकात आहे, तू बायकोला घेऊन ये, सगळा खर्च आमचा. संपलं. नॉर्मन पुढे स्वतःच सांगायचा की म्हटलं पिच्चर पडला तर पडला, ऊन आणि समुद्र तरी पदरात पडेल.

तर १९६२च्या सुरुवातीला ही वरात जमैकात. तिथे त्याने कॅलिप्सो (तिकडच्या वेस्ट इंडीज बेटांवरची लोकगाणी) वळणाची गाणी केली, ती 'डॉक्टर नो' या पहिल्या बाँडपटात आहेत. समुद्रातून शिंपले घेऊन येणारी उर्सुला अँड्रेस आंब्याच्या झाडाचं गाणं गुणगुणते ना, तो आवाज तिचा नाही, नॉर्मनच्या बायकोचा आहे, डायना कूपलँडचा. म्हणजे फुकटची सहल तिने तरी वसूल करून दिली. पण हिरोची म्हणून जी चाल पाहिजे ती काही सुचेना.

मग नॉर्मनने खण उघडला आणि पडलेलं एक गाणं बाहेर काढलं. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या व्ही. एस. नायपॉलची 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी १९६१ची. तिच्यावर नाटक करायचा घाट घातला होता, ते रंगमंचावर आलंच नाही, पण गाणी झालेली. त्यातलं एक 'बॅड साइन, गुड साइन'. बिस्वास स्वतःची कर्मकहाणी सांगतो: मी जन्मलो तोच अपशकुनी शिंक घेऊन, त्यात आलो उलटा, आणि पंडित म्हणतात बाप तळ्यात बुडाला तो माझ्यामुळे. चाल अगदी आपल्याकडची वाटावी अशी, घोळवत, मागे सतारीचा रंग.

नॉर्मनने काय केलं, तर घोळवणं काढून टाकलं. प्रत्येक सूर तोडला. 'मी ज-न्म-लो' असं लांबवत म्हणायचं ते खटखटखट केलं. आणि तो म्हणतो की त्या क्षणी बाँड दिसला.

पण गोष्ट इथे संपत नाही. निर्मात्यांना हे ऐकूनही काहीतरी कमी वाटत होतं, म्हणून अठ्ठावीस वर्षांच्या जॉन बॅरीला फोन गेला. त्याने चालीची जी काही अरेंजमेंट (कोणतं वाद्य कुठे काय वाजवणार त्याची मांडणी) केली ती आज आपण ऐकतो. पिच्चरच्या टायटलमध्ये संगीत म्हणून नॉर्मनचं नाव, आणि बाँडची धून वाजवली कोणी तर 'जॉन बॅरी अँड ऑर्केस्ट्रा'. वाजवली हां, केली नव्हे. या एका शब्दावरून पुढे जवळजवळ चाळीस वर्षं भांडण, थेट कोर्टापर्यंत.

तर प्रश्न असा की तुमच्या मते धून कोणाची?

चिवडाप्रेमी
पहिला मी! मस्त लिहिलंय कंदीलराव. वाचनखूण साठवली. शिंकेवरून जेम्स बाँड, कुठे माशी शिंकली ते आज कळलं.

उगाचच
म्हणजे चोरलेली नाही, स्वतःच्याच खिशातली. आपल्याकडे इतके संगीतकार नाटकासाठी केलेली चाल पिच्चरला आणि पिच्चरला नको झालेली चाल भजनाला देतात, मग बिचाऱ्या नॉर्मनला का नावं ठेवा. बाकी ब्रॉकोलीवर हसून घेतलं.

पेटीवाली
कंदील, रात्री हे वाचलं आणि पेटी काढली, शेजारचे आज सकाळी बघून न बघितल्यासारखं करताहेत. पण सांगते, दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या धुनेत आणि भांडण समजायचं तर त्या वेगळ्या करून ऐकायला हव्यात.

पांढरी तीनला सा धरा. गिटार जे वाजवते ते असं: सा, रेरे रे रे, सा सा सा, सा, गग ग ग, रे रे रे. गंधार कोमल. बस्स, तीन सूर! लहान पोराला पहिल्या आठवड्यात शिकवता येईल. ही ती शिंकेवाली ओळ, त्या गाण्याचे शब्द यावर चपखल बसतात, म्हणून बघा कोणीतरी.

पण त्याच्याखाली जे सरपटत असतं, ज्याने अंगावर काटा येतो, ते आहे प, कोमल ध, शुद्ध ध, परत कोमल ध. परत प. तेच तेच गोल गोल. एकाच सुराची दोन्ही रूपं अशी एकमेकांना घासून लावणं आपल्याकडे सहसा करत नाहीत, ललत रागात दोन मध्यम लागतात तसे मोजके अपवाद. इथे धैवत नुसता अर्धी पायरी वर चढतो आणि शहाण्यासारखा खाली उतरतो. कोणीतरी दाराशी आलंय, आत डोकावतंय आणि मागे सरकतंय. मला विचाराल तर निम्मा बाँड या चार सुरांत आहे, आणि निम्मा त्या वरच्या तीन सुरांत. मधेच ते सगळे ब्रास (ट्रम्पेटबिम्पेट, पितळी वाद्यं) झोकात येतात आणि जॅझच्या अंगाने उधळतात तो अजून तिसराच भाग.

आणि शेवटची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेला सुरांचा झुबका. मायनरमध्ये शुद्ध निषाद आणि वर रिषभ, अशी लोंबकळत सोडून दिलेली. पेटीवर ती नीट लागत नाही, मांजर बसल्यासारखी वाटते. गिटारवरच ऐका.

सहावी_तार
पेटीवाली ताईंना दंडवत. आता गिटारवाल्यांच्या तर्फे मी बोलतो कारण या धाग्यावर अजून त्या माणसाचं नावच आलं नाही. व्हिक फ्लिक. बॅरीचा स्वतःचा बँड होता, जॉन बॅरी सेव्हन, त्यातला मेन गिटारिस्ट.

२१ जून १९६२, लंडनमधे बेजवॉटरला सीटीएस स्टुडिओ. पाच सॅक्सोफोन, नऊ ब्रास, ऱ्हिदम सेक्शन आणि हा एकटा गिटार घेऊन. व्हायोलिनचा ताफा वगैरे काही नाही, ते कान देऊन ऐकलं तर कळतं, सगळा आवाज फुंकलेला किंवा ठोकलेला आहे. फ्लिकची गिटार १९३९ची, क्लिफर्ड एसेक्स कंपनीची पॅरागॉन डीलक्स, म्हणजे तेव्हाच तेवीस वर्षं जुनी, मूळची इलेक्ट्रिक नाहीच. वरून डीआर्मंडचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा तुकडा) लावलेला. तो तारांपासून लांब पडत होता, तर या माणसाने सिगरेटचं रिकामं पाकीट चुरगाळून पिकअपखाली सारलं, म्हणजे तो उचलला जाऊन तारांना भिडेल. साठ वर्षं जग ज्या आवाजावर फिदा आहे त्याच्याखाली चुरगाळलेलं पाकीट आहे हे लक्षात घ्या, आणि आपण दोन-दोन हजारांचे केबल बदलत बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. फ्लिक सांगायचा की ती चाल त्याने खालच्या सप्तकात नेऊन जाड्या ई तारेवर वाजवली, जाड पिक घेऊन, दाबून, आणि तालाच्या केसभर पुढे. केसभर पुढे हे महत्त्वाचं आहे. मी घरी मेट्रोनोम लावून तंतोतंत वाजवली तर बँकेची जाहिरात वाटते, जरा पुढे रेटली की लगेच माणूस अंधारातून चालत येतोय असं वाटतं. पाकिटाच्या जागी काडेपेटी घालून बघितली, आवाज आला नाही पण तार तुटली.

या कामाचे त्याला एकदाचे मिळाले ते जेमतेम सहा-सात पौंड. रॉयल्टी वगैरे शून्य. नोव्हेंबर २०२४ मध्ये गेला, ८७ वर्षांचा होऊन. बीटल्सच्या पहिल्या पिच्चरमध्ये रिंगोच्या प्रसंगाला जी गिटार आहे तीही त्याचीच.

कंदीलवाला
@सहावी_तार, पाकिटाचं मी वाचलं होतं पण टाकायला विसरलो, बरं झालं. आणि बीटल्सवरून आठवलं, 'डॉक्टर नो'चा प्रीमियर ५ ऑक्टोबर १९६२ला लंडन पॅव्हिलियनमध्ये आणि बीटल्सची पहिली सिंगल 'लव्ह मी डू' पण त्याच दिवशी बाजारात. इंग्लंडसाठी बरा शुक्रवार होता म्हणायचा.

निवांत_नागपुरी
काहून वाद घालून राह्यले भाऊ, बॅरीचीच आहे. सरळ आहे बे. नॉर्मनचं बाकीचं संगीत ऐका त्या पिच्चरमधलं, नारळाच्या झाडाखालचे कॅलिप्सो हायेत सगळे. त्यातून ही धून कुठून आली? आता बॅरी ऐका. त्यानंतर अकरा बाँडपट केले त्याने. सगळीकडे तोच मिजास. बॅरीची त्याआधीची १९५८ची एक 'बीज नीज' म्हणून चाल आहे ती ऐका मग बोला. गिटारची तीच फेकण्याची ष्टाइल. नॉर्मनने तीन सूर दिले म्हणे, तीन सूर तर आमचा दूधवाला बी देते सकाळी.

उगाचच
दूधवाल्याला क्रेडिट द्या. +१

पेटीवाली
@निवांत, पण मग ते तीन सूर बॅरीने बदलले का नाहीत? शब्द बसतात त्यावर. मी आत्ता नॉर्मनने नंतर स्वतः गायलेलं ते मूळ गाणं ऐकलं, २००५च्या त्याच्या अल्बममध्ये आहे. पहिली ओळ सुरू झाली आणि हसूच फुटलं, म्हणजे बाँड धोतर नेसून ओसरीवर बसून रडगाणं गातोय. सूर न सूर तेच आहेत. हां, खालचे ते प-ध-ध-ध मात्र त्यात तसे नाहीत आणि मधलं जॅझही नाही. बाकी तुमचं 'बीज नीज' पण ऐकलं, वळण आहे, नाही म्हणत नाही.

जुना_टाईपरायटर
तरुण मंडळींचा उत्साह बघून बरं वाटलं. मी कोर्टकचेऱ्यांत आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे माझा रस सुरांत कमी आणि निकालात जास्त. दोन-चार गोष्टी नीट मांडतो.

बॅरीची बाजू अशी. युनायटेड आर्टिस्ट्सच्या संगीत विभागाचे नोएल रॉजर्स यांनी त्याला बोलावलं, हातात मोजके दिवस, दोन-अडीच मिनिटांचा तुकडा हवा. पिच्चर त्याला दाखवलेलाही नव्हता. ठरलं असं की त्याला रोख २५० पौंड, आणि संगीतकार म्हणून नाव मात्र नॉर्मनचं, कारण नॉर्मनशी करार आधीच झालेला. बॅरीने मान्य केलं कारण पुढची कामं मिळतील हा हिशोब. मग पिच्चर लागला तेव्हा हा तिकीट काढून बघायला गेला तर काय, दोन मिनिटांचा तुकडा म्हणून दिलेली धून पिच्चरभर पसरलेली. क्लबात पत्त्यांच्या टेबलावर तो सिगरेट पेटवून नाव सांगतो तिथे धून, गाडीतून निघाला धून, हॉटेलची खोली तपासतोय धून. रॉजर्सना फोन करून बॅरीने कुरकुर केली, आणि पुढचे पिच्चर त्याला मिळाले. म्हणजे हिशोब चुकला नाही त्याचा.

नॉर्मनची बाजू कंदीलवाल्यांनी मांडलीच आहे. नाव त्याचं, रॉयल्टी त्याची, आणि बॅरी अरेंजर.

आता खटला. १९९७ साली लंडनच्या 'संडे टाइम्स'ने छापलं की धून खरी बॅरीची. नॉर्मनने बॅरीवर नाही, वर्तमानपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. हा फरक ध्यानात घ्या. मार्च २००१ मध्ये लंडनच्या हायकोर्टात ज्युरीपुढे सुनावणी झाली, संगीताचे जाणकार साक्षीला, सुरांची चिरफाड, बॅरी स्वतः वर्तमानपत्राच्या बाजूने पिंजऱ्यात. निकाल नॉर्मनच्या बाजूने आणि ३०,००० पौंड भरपाई. पण ज्युरीने ठरवलं ते एवढंच की वर्तमानपत्राने लिहिलेलं सिद्ध झालं नाही आणि त्यातून माणसाची बदनामी झाली. कोणती ओळ कोणी लिहिली याचा पंचनामा कोणत्याही निकालात नाही आणि नसतोही. म्हणून कोर्टाने सांगितलं म्हणजे विषय मिटला असं म्हणणारे आणि कोर्टाला काय कळतंय म्हणणारे, दोघांनीही जरा दमानं.

आणि योगायोग बघा, ज्या नायपॉलच्या कादंबरीतून हे सगळं निघालं त्यांना त्याच वर्षी ऑक्टोबरात नोबेल जाहीर झालं.

निवांत_नागपुरी
काका मानलं. पण मन मानत नाही.

भटकी_मांजर
नायपॉलचं नाव आलं आणि मी आले. ही कादंबरी मी एमएला असताना वाचली, तेव्हा बाँडचा संबंध कोणी सांगितला असता तर निदान सेमिनारला लोक जागे राहिले असते.

कंदीलवाला, तुम्ही पायाळू हा शब्द वापरलात त्याला सलाम, इंग्रजीत तो उलटा आला एवढंच आहे आणि ते वाचून परदेशी वाचकाला काय कळणार. आपल्याकडे पायाळूवर वीज पडते, पायाळूला जमिनीखालचं पाणी दिसतं, पायाळूने पाठीवरून पाय फिरवला की उसण जाते. म्हणजे अपशकुन आणि वरदान दोन्ही एकाच पोरात, गाण्याचं नाव तसंच आहे बघा, वाईट चिन्ह चांगलं चिन्ह.

कादंबरीत अजून भर आहे. बिस्वासला जन्मतः सहा बोटं. पंडित येऊन सांगतो की शिंक अपशकुनी, पोराला झाडांपासून आणि विशेषतः पाण्यापासून लांब ठेवा, आणि बापाने एकवीस दिवस पोराचं तोंड बघायचं नाही. एकविसाव्या दिवशी बघायचं तेही थेट नाही, पितळेच्या ताटलीत खोबरेल तेल ओतून त्यात प्रतिबिंब बघायचं. मी हे वाचून पुस्तक बाजूला ठेवून आईला फोन केला होता कारण आमच्या आत्याचा मुलगा मूळ नक्षत्रावर झाला तेव्हा काकांनी तेलातच तोंड बघितलेलं. हजारो मैल लांब त्रिनिदादमध्ये तेच तेल! ही सगळी १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर करार करून नेलेली माणसं, अ‍ॅग्रीमेंटचं गिरमिट झालं ते. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची. जाताना बोचक्यात शिंकसुद्धा घेऊन गेली.

बाप मरतो तो भाग मात्र विनोदी नाही. शेजाऱ्याचं वासरू सांभाळायला दिलेलं ते पाण्यात बुडून मरतं, पोर घाबरून घरात खाटेखाली लपतं, बापाला वाटतं पोरगंही बुडालं, तो बुड्या मारमारून शोधतो आणि तोच जातो. पोर खाटेखाली जिवंत. नायपॉलने हे असं कोरडं लिहिलंय की आधी हसून झालेलं असतं आणि मग लाज वाटते. बिस्वास म्हणजे त्यांचे स्वतःचे वडील, सीपरसाद नायपॉल, त्रिनिदादमधल्या पेपरात बातमीदार होते. आयुष्यभर स्वतःच्या घरासाठी तडफडणारा माणूस. आणि त्याच्या रडगाण्यावर महागड्या सुटातला, कधीच भाड्याच्या खोलीची चिंता न करणारा हेर चालत येतो. मला तर आता तो चालत आला की मागे सहा बोटांचं पोरगं दिसणार.

अवांतर: त्रिनिदाद म्हटलं की आपल्याला १९७१ आठवायलाच हवं. गावसकरने पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या, पोर्ट ऑफ स्पेनला एका टेस्टमध्ये १२४ आणि २२०, आणि तिथल्या लॉर्ड रिलेटर या गायकाने त्याच्यावर कॅलिप्सो केलं. तर कॅलिप्सोला उगाच नावं ठेवू नका @निवांत.

निवांत_नागपुरी
गावसकरवर केलं असेल तर कॅलिप्सो चांगलंच राहते. शब्द मागे.

मांडवीकाठ
उशिरा आलो, सगळं वाचलं. मला या भांडणात आमचं घर दिसतं म्हणून लिहितो.

माझे आजोबा मुंबईत पिच्चरच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. त्या पिढीतले कितीतरी वादक आमच्या गोव्याचे, चर्चच्या शाळेत लहानपणीच स्टाफ नोटेशन (पाश्चात्य स्वरलिपी) शिकलेले. पद्धत अशी होती की संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवणार, असिस्टंट ती सरगममध्ये उतरवणार, मग अरेंजर ती स्टाफवर लिहून काढणार, मधले म्युझिकचे तुकडे, व्हायोलिन कुठे उठणार, काउंटर मेलडी काय, बासरी कधी गप्प बसणार. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनकडे हेच केलं. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७च्या त्या 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' गाण्यात गुरूचं नाव घालून पांग फेडले. पण लोक नाचले ते अमिताभ अंड्यातून बाहेर आला म्हणून, मजोर्ड्याचा अँथनी कोण हे कितीजणांना ठाऊक. आजोबा म्हणायचे, चाल माणसाची असते आणि कपडे शिंप्याचे, पण फोटो कपड्यांत काढतात.

म्हणून मला बॅरीबद्दल वाटतं ते दोन्हीकडचं आहे. त्याला २५० पौंड आणि पुढे नाव, पाच ऑस्कर (एकही बाँडसाठी नाही, हे विशेष). आमच्या लोकांना टायटलमध्ये आलंच तर असिस्टंट. बॅरीने लष्करात असताना पोस्टाने अरेंजिंगचा कोर्स केला होता, स्टॅन केंटनच्या अमेरिकन जॅझ बँडचा अरेंजर बिल रुसो याच्याकडे. ते ब्रास असे भिंतीसारखे अंगावर येतात ना, ती केंटनची शाळा. पोस्टाने आलेली! तीन सुरांच्या ओळीला त्या माणसाने रस्ता, अंधार आणि गाडी दिली. ओळ त्याची नाही. पण ओळ एकटी असती तर ती ओसरीवरच बसली असती, पेटीवाली बाई म्हणतात तशी.

देव बरें करूं.

सहावी_तार
शिंप्याचं वाक्य लिहून ठेवलं. मीही एका एकांकिकेला पार्श्वसंगीत करून दिलं होतं कॉलेजात, तीन रात्री जागून. दिग्दर्शकाने दोन ओळी गुणगुणल्या होत्या फक्त. बक्षीस मिळालं, संगीत म्हणून त्याचं नाव, माझं 'विशेष आभार'मध्ये चहावाल्याच्या खाली. चहा चांगला होता त्याचा, तक्रार नाही.

उगाचच
वरच्या प्रतिसादावरून समजलं की गिटारिस्टला सहा पौंडही जास्त असतात.

चिवडाप्रेमी
इतकं झालं तरी कोणी 'ऑक्टोपसी' काढला नाही? १९८३चा बाँडपट, बाँड झालेला रॉजर मूर उदयपूरला पोचतो, काठावर गारुडी बसलाय, टोपलीत नाग, आणि पुंगीवर वाजवतोय काय तर बाँडचीच धून! ओळख पटवायची खूण म्हणून. गारुडी म्हणजे आपला टेनिसवाला विजय अमृतराज. नागाची भीती त्याला खरोखर वाटत असल्यासारखं तोंड आहे. आम्ही लहानपणी कॅसेटवर बघताना हा प्रसंग तीनदा मागे घेऊन बघितला होता, मोठ्या भावाने हात उगारेपर्यंत.

म्हणजे बघा, हिंदुस्थानातून शिंक बोटीने त्रिनिदादला, तिथून पुस्तकातून लंडनला, नाटक आलंच नाही म्हणून खणात, खणातून बाँडकडे, आणि एकवीस वर्षांनी पुंगीवर बसून उदयपुरात. नॉर्मनची चाल गिटारऐवजी पुंगीवर जास्त घरची वाटते हे माझं मत. अरेंजर गारुडी.

पेटीवाली
चिवडाप्रेमी, आत्ता बघितला तो सीन. खरंच की! पुंगीवर सूर परत घोळवलेले आहेत, नॉर्मनने जे तोडलं होतं ते जोडून. आणि खाली प-ध-ध-ध वाजवायला कोणी नाही.

कंदीलवाला
हे मला सुचलंच नव्हतं, धाग्याचं सार्थक झालं.

सगळ्यांचं वाचून मी माझं मत देतो आणि मग जेवायला जातो. ओळ नॉर्मनची, हे मूळ गाणं ऐकल्यावर मला तरी नाकारता येत नाही. सरपटणारं, उधळणारं आणि शेवटची मांजर बसलेली कॉर्ड बॅरीची, हेही कानाला पटतं. आणि सुरुवातीच्या पाच सेकंदांत ओळखू येते ती फ्लिकच्या हातामुळे आणि त्या पाकिटामुळे. हिशोबात मात्र एकाला वर्षानुवर्षं रॉयल्टी, दुसऱ्याला २५० पौंड आणि करिअर, तिसऱ्याला दोन दिवसांचा किराणा. नॉर्मन जुलै २०२२ मध्ये गेला, बॅरी २०११च्या जानेवारीत. दोघांच्याही मृत्युलेखांत हे भांडण होतंच.

जुना_टाईपरायटर
मत नोंदवलं. अपील आहे का कोणाचं?

निवांत_नागपुरी
माझं राहते ना काका. पण जेवून.

पायाळू_पाटील
खास प्रतिसाद द्यायला आज खातं उघडलं. मी स्वतः पायाळू आहे. वीज अजून पडली नाही, पाणी दिसत नाही, गावात उन्हाळ्यात उसण भरलेले म्हातारे मात्र रांगेने येतात, पाठीवर पाय ठेवून घेतात आणि आशीर्वाद देऊन जातात. काल धाग्याचं बायकोला वाचून दाखवलं. आज सकाळी पहिला म्हातारा पालथा झोपला आणि मी पाय उचलला तर आतून बायकोने मोबाईलवर ती धून लावली. आजोबा विचारतात, कुठला तमाशा आलाय रं?